आठवा बोल्ट

“...बरं, आणि आता? आता काय दिसतंय?”

परकार चाचांचा तोच प्रश्न. आज विसावा दिवस होता.

वैजनाथ पडद्याकडे बघत राहिला. पडदाभर करडा रंग. त्यात पांढरे कण तरंगत होते, गिरणीत उडणाऱ्या पिठासारखे.

“पाणी,” तो म्हणाला.

चाचा गप्प.

“गाळ.”

चाचा गप्प.

“काहीच दिसंना झालंय, चाचा.”

चाचांनी चहाचा कप उचलला आणि ते उठून बाहेर गेले.

...

पाणी म्हटलं तरी चूक, गाळ म्हटलं तरी चूक, काहीच नाही म्हटलं तरी चूक. मग बरोबर काय? वैजनाथला काही केल्या उमजत नव्हतं.

बोटीच्या मागच्या डेकवर एक लोखंडी खोली होती. आत दोन खुर्च्या, सहा पडदे आणि हाडं गारठवणारा एसी. तिथून एक जाड केबल समुद्रात उतरायची, आणि साठ मीटर खाली केबलच्या टोकाला ते पिवळं यंत्र पोहत असायचं. त्याला कॅमेऱ्यांचे डोळे, दोन पोलादी हात आणि चहूबाजूंना पंखे. डेकवरचे लोक त्याला म्हैस म्हणत. पाण्यात जाताना खुशीत जाते, बाहेर काढताना सगळ्यांना घाम फोडते म्हणून.

चाचा बावीस वर्षं ती म्हैस हाकत होते. दाभोळच्या खाडीकाठचा माणूस, त्याआधी स्वतःच पाणबुड्या होते. बोलणं बेताचं.

वैजनाथ केंद्रे अंबाजोगाईचा. शाळा नववीतच सुटली. मग मामाच्या दुकानात बोअरच्या मोटारींत तांब्याची तार भरायला बसला. जळालेली मोटार तो नुसत्या वासावरून ओळखायचा. पुढं वायरमनचं आयटीआय केलं, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून पुण्याला तीन महिन्यांचा हा कोर्स. तिथं कॉम्प्युटरमधल्या खोट्या समुद्रात खोटं यंत्र चालवण्यात तो पहिला आला होता. हे त्यानं बोटीवर कुणाला सांगितलं नव्हतं. पण कुणीतरी विचारावं, असं त्याला रोज वाटायचं.

अठ्ठावीस दिवसांची फेरी. वैजनाथच्या नोंदवहीत एक ओळ होती: ‘उमेदवाराने स्वतः यंत्र चालवून पाहणी केली.’ त्या ओळीपुढे चाचांची सही झाली, तर पुढच्या फेरीला बोलावणं. नाही झाली, तर परत दुकान. आणि दुकानातली त्याची जागा आता मामेभावानं घेतली होती.

वीस दिवस उलटले. सहीचा पत्ता नव्हता.

...

“काय रे पंपवाल्या, काय म्हणतो तुझा म्हातारा?”

हा ग्लॅडविन डाबरे. वसईचा. चाचांच्या हाताखालचा दुसरा चालक.

“काय दिसतंय, एवढंच विचारतात.”

“मग सांग की.”

“सांगतो की. ते उठून जातात.”

डाबरे हसला. “मला सहा महिने विचारत होते. एकदा मी म्हटलं, माझी सासू दिसते.”

“मग?”

“तेव्हा नाही उठले. बराच वेळ पडद्याकडे बघत बसले.”

वैजनाथला हसावं की विचार करावा, तेही कळेना.

...

बाविसाव्या दिवशी सकाळी चाचा त्याला म्हणाले, “आज तू बस.”



काम साधं होतं. शेजारच्या, गॅस काढायच्या प्लॅटफॉर्मचा एक पाय समुद्राच्या तळात रोवलेला. त्या पायाला लागून गॅसचा पाइप वर जात होता, आणि तळाशी एका लोखंडी पट्ट्यानं तो पायाला जखडलेला होता. पट्ट्याला आठ बोल्ट. आठही जागेवर आहेत का, एवढंच बघून सांगायचं.

“वर दीडशे माणसं राहतात,” डाबरेनं त्याला जाता जाता सांगितलं. “पट्टा सुटला तर पाइप हलणार. पाइप हलला तर... जाऊ दे. तू चालव.”

पण वैजनाथला धास्ती यंत्राची नव्हती. धास्ती बोलण्याची होती.

पाहणी चालू असताना चालकानं बोलत राहायचं असतं. चित्राबरोबर आवाजही टेप होतो, आणि तो इंग्रजीत लागतो. वैजनाथची इंग्रजी म्हणजे मोटारीच्या पाटीवर छापलेली तेवढी. म्हणून पुढचं काम कळल्यापासून दोन दिवस त्यानं जेवणाच्या टेबलावर बसून चिठ्ठी लिहिली होती. डाबरेकडून तपासून घेतली होती. एक नंबर बोल्ट, जागेवर, घट्ट. दोन नंबर बोल्ट, जागेवर, घट्ट. अशी आठपर्यंत. डेकच्या कठड्याशी उभं राहून, ओठ हलवत, त्यानं ती घोटून घोटून पाठ केली होती.

तो खुर्चीत बसला. शेजारी चाचा. मागं कंपनीचे सबनीस साहेब, मांडीवर फाइल घेऊन.

म्हैस खाली गेली. दहा मीटर... तीस... पन्नास...

“वैजनाथ.”

“हां, चाचा?”

“श्वास घे. पाण्यात ती आहे, तू नाहीस.”

सबनीस साहेब हसले. वैजनाथनं श्वास घेतला. आपण तो रोखून धरला होता, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

पाय दिसला. पट्टा दिसला. शेवाळ आणि कालवं माखलेला, पण पट्टाच. वैजनाथनं बोलायला सुरुवात केली, आणि काय सांगावं, पाठ केलेलं धडाधड यायला लागलं. एक. दोन. तीन. न अडखळता. चार बोल्ट समोरचे झाले. मग त्यानं यंत्र मागच्या अंगाला घेतलं. पाच. सहा. पाण्याला थोडा ओढा होता. सात.

आठ. जागेवर. घट्ट.

“वा!” सबनीस साहेब म्हणाले आणि त्यांनी फाइलवर खूण केली. “एकदम क्लीन.”

वैजनाथचे कान तापले. पुण्याला पहिला आला तेव्हाही त्याला एवढा आनंद झाला नव्हता.

त्यानं चाचांकडे पाहिलं. चाचा केबलच्या चाकावरच्या माणसाला सूचना देत होते. वर घ्या... सावकाश...

...

दुपारी त्यानं नोंदवही पुढं केली.

चाचांनी ती घेतली, न उघडता बाजूला ठेवली, आणि टेप लावली.

पडद्यावर सकाळचंच चित्र. वैजनाथचा आवाज. आपलीच इंग्रजी ऐकताना त्याला लाज वाटली, आणि थोडं बरंही वाटलं.

सात... आठ. जागेवर. घट्ट.

“किती?” चाचांनी विचारलं.

“आठ.”

चाचांनी टेप मागं नेली. आवाज बंद केला. पुन्हा लावली.

आता खोलीत नुसती एसीची घरघर. पडद्यावर एक बोल्ट. दुसरा. तिसरा. चौथा. यंत्र वळलं. पाचवा. सहावा. सातवा...

मग गाळ. करडा. पांढरे कण. पाण्याच्या ओढ्यानं यंत्र जरासं तिरकं झालेलं. नऊ सेकंद नुसता गाळ. आणि मग पट्ट्याची कड, आणि म्हैस वर निघाली.

“किती?”

वैजनाथ पडद्याजवळ सरकला.

“पुन्हा लावा,” तो म्हणाला.

पुन्हा लावली. सात.

“असं कसं होईल? मी बघितला, चाचा. आईशप्पथ बघितला. डाव्या अंगाला होता, त्याला शेवाळाचा झुपका पण होता. मला आत्तापण दिसतोय.”

चाचांनी आवाज सुरू केला. पुन्हा टेप.

आठ. जागेवर. घट्ट. आणि वैजनाथला खरोखर, त्या करड्यात, डाव्या अंगाला, झुपका असलेला बोल्ट दिसला.

चाचांनी आवाज बंद केला. पुन्हा टेप.

नव्हता.

...

दाराशी डाबरे आला होता. चाचांनी त्याला बोटानं बोलावलं आणि आवाजासकट टेप दाखवली.

“किती?”

“आठ,” डाबरे म्हणाला. “पंपवाल्यानं नाव काढलं. का, काय झालं?”

आवाज बंद. पुन्हा टेप.

डाबरेनं मान पुढं काढली. डोळे बारीक केले. मग चूळ भरताना करतात तसं तोंड केलं.

“सात,” तो म्हणाला. “हा काय भुताटकीचा प्रकार!”

डाबरे एकदा पडद्याकडे, एकदा वैजनाथकडे बघत निघून गेला.

“चाचा, तुम्ही तर शेजारीच होता,” वैजनाथ म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. “तेव्हाच का नाही सांगितलं?”

“तू बोलत होतास.”

“पण साहेबांनी लिहून घेतलं की! त्यांना पण आठच दिसले.”

“ते ऐकत होते.”

“मग मी खोटं बोललो का?”

चाचांनी टेप बंद केली. “नाही.”

“खरं बोललो?”

“नाही.”

...

“मग आता मी काय करू?”

चाचा उठले. “मला भूक लागली,” ते म्हणाले आणि जेवायला गेले.

नोंदवही तिथंच पडली होती. वैजनाथनं ती उघडली. ओळ कोरी. त्यानं ती मिटली, पुन्हा उघडली.

सबनीस साहेबांचा कागद संध्याकाळी किनाऱ्यावर जाणार होता. त्यात आठ बोल्ट होते. बोट संध्याकाळीच पुढच्या प्लॅटफॉर्मकडे निघणार होती. चाचांनी त्याला जा म्हटलं नव्हतं. जाऊ नको असंही म्हटलं नव्हतं. बोल्ट नक्की असणार, त्याचं मन म्हणत होतं. कुणी काढलाय तो, साठ मीटर खाली जाऊन? सातांना धरून आठवा असणारच. आणि नसला तर...

दीडशे माणसं.

पण मग चाचा स्वतः का नाही जात सांगायला? ते मोठे, त्यांचं ऐकतील. की ते आपली परीक्षा बघतायत? की त्यांनाच फरक पडत नाही? की त्यांना खरंच भूक लागली होती?

वैजनाथला काही म्हणता काही समजेना. समजेना तसाच तो उठला.

...

जेवणघरात वीस-बावीस माणसं होती. सबनीस साहेब मासळीचे काटे काढत होते. चाचा कोपऱ्यात, पाठमोरे.

“साहेब,” वैजनाथ म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला, की त्याला पुन्हा म्हणावं लागलं. “साहेब!”

आता सगळेच बघायला लागले.

“काय रे?”

“तो आठवा बोल्ट... तो दिसला नाही.”

“कुठला आठवा?”

“सकाळचा. सातच दिसले.”

सबनीस साहेबांनी काटा ताटाच्या कडेला ठेवला. “मग आठ कोण म्हणालं?”

“मी.”

“मी पण पाहिला.”

“नाही साहेब. तुम्ही पण नाही पाहिला.”

कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांचा चेहरा लाल झाला. “म्हणजे पुन्हा खाली जायचं? आज भरती-ओहोटीमधली पाणी थांबायची वेळ टळली. उद्या अकराला पाणी थांबणार. एक अख्खा दिवस! कळतंय का तुला?”

“हो.”

“परकारांनी पाठवलं तुला?”

“नाही साहेब. त्यांनी काहीच सांगितलं नाही,” वैजनाथ म्हणाला. आणि मग त्याला राहवलं नाही. “तेच तर मला कळंना झालंय.”

आता जेवणघर मोकळेपणी हसलं. फक्त कोपऱ्यातली पाठ हलली नाही.

बोट थांबली. उद्या घरी जायची वाट बघणाऱ्या पाच जणांची सुटका एक दिवस लांबली. उरलेला दिवसभर जो भेटेल तो वैजनाथला विचारत होता, “काय पंपवाले, मोजता येतं का आता?” आचाऱ्यानं रात्रीच्या ताटात त्याला सात पुऱ्या वाढल्या आणि म्हणाला, “आठ आहेत, नीट बघ.”

...

दुसऱ्या दिवशी अकराला चाचा पुन्हा तेवढंच म्हणाले, “बस.”

वैजनाथ बसला. खिशातली चिठ्ठी त्यानं सकाळीच समुद्रात टाकली होती. चांगलं केलं की वाईट, ठाऊक नव्हतं. पण आता बोलायचं काय, ते तर मुळीच ठाऊक नव्हतं.

म्हैस खाली गेली. पाय आला. पट्टा आला.

टेप चालू होती. वैजनाथ गप्प होता.

एक बोल्ट. तो त्याच्यासमोर थांबला. सगळीकडून पाहिला. मग म्हणाला, “एक.” मग दुसऱ्याकडे गेला.

सातव्यापर्यंत पाऊण तास लागला. सबनीस साहेबांनी तीनदा घड्याळ पाहिलं.

सातव्यानंतर यंत्र तळाशी टेकलं, आणि गाळ उठला. पडदा करडा झाला.

वैजनाथनं पंखे बंद केले.

पाणी थांबलेलं होतं. गाळही हलेना. तो नुसता लोंबत राहिला. दोन मिनिटं. चार मिनिटं.

“अरे, बोल की काहीतरी,” मागून सबनीस साहेब म्हणाले. “टेप चालू आहे.”

वैजनाथच्या कपाळावर एवढ्या थंडीत घाम आला. त्याला डावीकडं तो झुपकेवाला बोल्ट दिसायला लागला होता. स्पष्ट. म्हटलं तर आत्ता म्हणता आलं असतं. जिभेच्या टोकावर होतं.

“दिसत नाही,” तो म्हणाला.

चाचा हलले नाहीत.

सात मिनिटं. नऊ.

“अजून दिसत नाही.”

अकराव्या मिनिटाला करडा रंग खालून पातळ झाला. आधी पट्ट्याची कड वर आली. मग कालवांचा एक मोठा गोळा. डावीकडं नव्हता. उजवीकडं होता, खालच्या अंगाला, आणि झुपकाबिपका काही नव्हता. वैजनाथनं पोलादी हात पुढं केला. हातात ब्रश होता. तो कालवांवर घासायला लागला, मोटारीच्या आतला गंज काढावा तसा, हलक्या हातानं, एकाच बाजूनं. एक कालव सुटलं. मग चार एकदम.

आत लोखंड होतं. गोल डोकं, त्याखाली आटे. घट्ट बसलेलं.

इंग्रजी कुठल्या कुठं गेली.

“हाय!” वैजनाथ ओरडला. “हाय की हो, हा बघा!”

...

म्हैस डेकवर आली. चाचा गोड्या पाण्याचा पाइप घेऊन तिला धूत होते. खारं पाणी अंगावर वाळू द्यायचं नसतं.

वैजनाथ नोंदवही घेऊन धावत आला. मागून डाबरे.

“होता की, चाचा! म्हणजे काल मी बरोबरच होतो. आठच होते!”

“मग काय तर,” डाबरे म्हणाला. “उगाच अख्ख्या बोटीला टांगून ठेवलंस. काल आठ, आज आठ. फरक काय पडला?”

वैजनाथ गडबडला. खरंच, फरक काय पडला? त्यानं चाचांकडे पाहिलं.

चाचांनी पाइप डाबरेच्या हातात दिला. हात पँटला पुसले. नोंदवही घेतली, म्हशीच्या पाठीवर ठेवली, आणि त्या ओळीपुढं सही केली. सावकाश, पूर्ण नावानं. खाली आजची तारीख घातली.

वैजनाथनं सही पाहिली. पुन्हा पाहिली.

मग त्याची नजर वरच्या रकान्यावर गेली. काल यंत्र चालवल्याची चाळीस मिनिटं त्यानं तिथं लिहिली होती. त्यापुढची जागा कोरीच होती.

“चाचा,” तो चाचरत म्हणाला, “कालची राहिली. काल पण मीच गेलो होतो तिथं. बोल्ट पण तोच...”

चाचांनी पेनाला टोपण लावलं.

“बोल्ट कालपण तिथंच होता,” ते म्हणाले. “तू आज पोचलास.”